रेगेक्सने ओळी पाडायच्या आहेत, पण पडत नाहीत (किंवा नको तिथे पडतात): कुठून तपासायला लागायचं

रेगेक्स म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना (पॅटर्न) शोधून बदलायची संकेतभाषा. आधी लक्षणं. यातलं एखादं तुमचं असेल तर पुढे वाचा, नसेल तर वेळ घालवू नका.

• स्क्रिप्ट चालते, एरर नाही, पण मजकूर होता तसाच सलग.
• नवी ओळ पडायच्या ऐवजी मजकुरात बॅकस्लॅश आणि एन असे छापूनच येतात.
• पहिल्या काही ठिकाणी ओळी नीट पडतात, पुढचं सगळं चिकटलेलं.
• एकेक अक्षर एकेका ओळीवर, आणि काना-वेलांट्या ठिपक्यांच्या गोलाला लटकलेल्या.
• दर ओळीनंतर एक फुकटची रिकामी ओळ.
• ओळ पडते, पण तिथला पूर्णविराम नाहीसा होतो.
• 'लातूर'चे दोन तुकडे: 'ला' वर, 'तूर' खाली.
• स्क्रिप्ट सुरू होते आणि संपतच नाही.

माझं यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून आत, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. हे दुखणं दर हंगामात येतं. सोयाबीन निघालं की बाजारभावाचे मेसेज, कापूस आला की पुन्हा तेच, ग्रामसभा झाली की इतिवृत्त, मधूनच बचत गटाची सभासद यादी नाहीतर भजनी मंडळाची वही. मूळ मजकूर कुठून तरी सलग आलेला असतो. एखादा हुशार पोट्टा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चार ओळींची स्क्रिप्ट लिहून तो तोडायला जातो आणि मग लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतो. "दादा, पॅटर्न तं बरोबर आहे, मंग काहून नाही होऊन रायलं?" आणि बहुतेक वेळा पॅटर्न खरंच बरोबर असतो. म्हणून मी पॅटर्नला सगळ्यात शेवटी हात लावतो.

पॅटर्न इथे मी शब्दांतच सांगणार आहे. कोड व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून फिरला की सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, दोन तारांकनांमधला भाग ठळक दिसतो आणि तारांकनं गुडूप होतात. निम्मी दुखणी तिथेच जन्मतात. वाचा, समजून घ्या आणि हाताने टाइप करा.

काहीच खर्च नसलेल्या तपासण्या

मूळ फाईलची नक्कल करा आणि स्क्रिप्ट नकलेवर चालवा. निकाल तिसऱ्याच नावाने लिहा. ज्या फाईलमधून वाचतोय तिच्यातच लिहिणारी स्क्रिप्ट मधे लाइट गेली की मूळ मजकूरही घेऊन जाते, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

आता बघा, ओळ खरंच पडली नाही की फक्त दिसत नाही? ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि कितीतरी केसेस इथेच संपतात. विंडोजमध्ये ओळीचा शेवट दोन चिन्हांनी होतो, क्रमांक १३ आणि त्यामागे १०. तहसीलीबाहेर बसणारे टायपिस्ट दांडा ओढायचे तेव्हा टाइपरायटरची गाडी उजवीकडे जायची आणि कागद वर सरकायचा, त्या दोन हालचालींची ही दोन चिन्हं. लिनक्स आणि मोबाइल फक्त १० वर भागवतात. विंडोजच्या नोटपॅडला ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपर्यंत, म्हणजे विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपर्यंत, एकटा १० कळतच नव्हता. तो सगळं एका ओळीत दाखवायचा. गावाकडे विंडोज ७ ची मशीन अजून चालू आहेत. तीच फाईल नोटपॅड++ मध्ये उघडा. तिथे ओळी नीट दिसल्या तर तुमची स्क्रिप्ट ठणठणीत आहे.

एक्सेलमध्ये बघत असाल तर त्या सेलला 'रॅप टेक्स्ट' लावा. ब्राउझरमध्ये बघत असाल तर तिथे साधा ओळबदल रिकाम्या जागेसारखाच धरला जातो. बीआर टॅग घालावा लागतो. यात रेगेक्सचा काही दोष नाही.

तिसरी तपासणी माझी सगळ्यात लाडकी. पायथनमध्ये मजकूर प्रिंट करण्याआधी 'रेप्र'मधून काढा. रेप्र मजकुरातलं लपलेलं सगळं उघडं करून दाखवतो. ओळबदल असेल तर बॅकस्लॅश-एन दिसेल. विंडोजचा १३ उरला असेल तर बॅकस्लॅश-आर. वर्ड किंवा वेबवरून आलेली न तुटणारी रिकामी जागा बॅकस्लॅश-एक्स-ए-शून्य अशी दिसते. जोडाक्षरात लपलेला शून्य-रुंदीचा जोडक बॅकस्लॅश-यू आणि २००डी असा दिसतो. बॅकस्लॅश दोनदा दिसला आणि मग एन, तर समजा की ओळबदल नाहीच, ती दोन साधी छापील चिन्हं आहेत.

इथे एक गैरसमज हमखास होतो. पायथनच्या काळ्या खिडकीत नुसतं व्हेरिएबलचं नाव लिहून एंटर दाबलं की तो रेप्रच दाखवतो. तिथे बॅकस्लॅश-एन दिसला म्हणून घाबरू नका. यादी प्रिंट केली तरी आतल्या मजकुराचं तसंच होतं. प्रिंटमध्ये थेट मजकूर द्या, ओळी पडलेल्या दिसतील.

स्क्रिप्टमधले नेहमीचे गुन्हेगार

'सब' (पॅटर्न सापडेल तिथे बदल करणारी पायथनची आज्ञा) चालवलं, पण निकाल कुठे ठेवलाच नाही. पायथनमध्ये मजकूर जागच्या जागी बदलत नाही. 'सब' नवा मजकूर परत देतो आणि तो तुम्ही व्हेरिएबलमध्ये घेतला नाही तर हवेत जातो. एरर येत नाही, त्यामुळे माणूस तासभर पॅटर्न घासत बसतो. डावीकडे बरोबरचं चिन्ह आहे का ते आधी बघा.

मग अवतरणचिन्हाआधीचा आर. आर लावलेल्या मजकुरात बॅकस्लॅश-एन ही दोन साधी चिन्हं राहतात. पायथनचं 'सब' बदलीच्या मजकुरातली ही दोन चिन्हं स्वतःच ओळबदल म्हणून वाचतं, म्हणून तिथे आर लावला काय आणि नाही लावला काय, सारखंच. पण तोच मजकूर साध्या 'रिप्लेस'ला दिला, किंवा 'सब'ला बदलीच्या जागी फंक्शन दिलं आणि फंक्शनने तो परत केला, तर तो जसाच्या तसा छापला जातो. "काल चाललं, आज नाही" असं कोणी म्हणालं की मी विचारतो, मधे 'सब'चं 'रिप्लेस' केलं का? उलटंही होतं: बदलीत बॅकस्लॅश-एक लिहून पहिला गट (पॅटर्नच्या पहिल्या कंसात सापडलेला मजकूर) परत आणायचा असतो आणि आर विसरतो. मग गटाऐवजी क्रमांक १ चं अदृश्य चिन्ह बसतं आणि पिकाचं नावच उडतं. पीएचपीवाल्यांनी एवढंच बघावं की बदलीचा मजकूर एकेरी अवतरणात तर नाही; तिथे बॅकस्लॅश-एन ओळबदल होत नाही, दुहेरी लागतं.

"पहिल्या आठ ओळी पडतात, पुढे बंद." हे लक्षण ऐकलं की मी स्क्रिप्ट न बघता उत्तर देतो आणि समोरचा चाट पडतो. 'सब'ला आधी पॅटर्न, मग बदली, मग मजकूर द्यायचा असतो. चौथी जागा 'किती वेळा बदलायचं' याची आहे. लोक तिथे मल्टिलाइनचा झेंडा (फ्लॅग, पॅटर्न कसा वाचायचा त्याची खूण), म्हणजे आरई डॉट एम, टाकून मोकळे होतात. त्या झेंड्याची आतली किंमत ८ आहे. पायथन मुकाट आठ जागा बदलतो आणि थांबतो. कॅपिटल-लहान अक्षर सारखं धरणारा झेंडा टाकला तर २, आणि टिंबाला ओळबदलही धरायला लावणारा टाकला तर १६. झेंडा देताना 'फ्लॅग्ज बरोबर' असं नाव लिहून द्या. पायथन ३.१३ पासून हे असं नाव न लिहिता देणं कालबाह्य ठरवलं आहे, पण आपल्याकडच्या मशीनवर ३.१३ कुठलं!

जावास्क्रिप्टमध्ये पहिलीच जागा बदलून थांबत असेल तर पॅटर्नमागचा जी राहिला आहे. गुगल शीट्समध्ये रेगेक्सरिप्लेस वापरत असाल तर तिथे पुढे-मागे डोकावणारे पॅटर्न चालतच नाहीत आणि ओळबदल कॅर कंसात १० असा द्यावा लागतो. तेवढं जमवा, नाही जमलं तर पायथनवर या.

मजकूरच वेगळा असतो तेव्हा

विंडोजवर फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं कोणत्या आकड्यांत साठवली आहेत ते) न सांगितल्यास पायथन बहुधा जुनी पाश्चात्त्य १२५२ ही लिपीसारणी धरतो. मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो, तिथे देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं. आपल्या हलंताचा, पाय मोडायच्या चिन्हाचा, तिसरा बाइट ८डी आहे आणि १२५२ मध्ये त्या जागी काहीच नाही. म्हणून 'कापूस', 'तूर' असे साधे शब्द असलेली चाचणी फाईल एररशिवाय वाचली जाते (आत कचराच असतो, पण कोणी बघत नाही), आणि 'क्विंटल' आला की कॅरमॅपची एरर फेकते. जोडाक्षराला स्क्रिप्ट अडखळते असं वाटतं. दुखणं मात्र 'ओपन'मध्ये आहे. एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. फक्त पहिल्या ओळीवर पॅटर्न लागत नसेल, तर नोटपॅडने फाईलच्या तोंडाशी अदृश्य खूण ठेवलेली असते. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' करा, ती गळून पडते.

इथवर सगळं ठीक आणि तरी बदल नाही? 'सब'च्या जागी 'सबएन' वापरा. तो मजकुरासोबत किती ठिकाणी बदल झाला तो आकडाही देतो. शून्य आलं तर पॅटर्नला मजकूर सापडलाच नाही, आणि मग बघायची ती दिसायला सारखी, असायला वेगळी चिन्हं. मराठीत ही भरपूर आहेत.

'विषयः', 'दिनांकः'. टाइप करणाऱ्याने विसर्ग दिलाय, तुमच्या पॅटर्नमध्ये अपूर्णविराम आहे. डोळ्याला फरक नाही, मशीनला जमीन-अस्मान. चौकोनी कंसात दोन्ही टाका.

दंडाच्या (।) जागी कीबोर्डवरची उभी रेघ. भजनाच्या वह्यांत तर दर पानावर. आणि पॅटर्नमध्ये ती उभी रेघ तशीच लिहिली तर भलतंच होतं, कारण रेगेक्समध्ये तिचा अर्थ 'हे किंवा ते'. दोन्ही बाजूंना काहीच नसेल तर 'काहीच नाही किंवा काहीच नाही' असा पॅटर्न होतो, तो प्रत्येक फटीत बसतो आणि प्रत्येक चिन्हानंतर ओळ पडते. वर लिहिलेलं एकेक अक्षर एकेका ओळीवर येणारं लक्षण हेच. रेघेआधी बॅकस्लॅश द्या. टिंबाचंही तसंच, बॅकस्लॅशशिवाय टिंब म्हणजे कोणतंही चिन्ह, आणि सगळा मजकूर नुसत्या रिकाम्या ओळी होऊन बसतो.

भजनाच्या वहीत आणखी एक गोम आहे. कडव्याच्या शेवटी दोन दुहेरी दंडांमध्ये क्रमांक असतो. नुसत्या दुहेरी दंडावर ओळ पाडली तर क्रमांक एकटा पडतो. आधी 'दुहेरी दंड, अंक, दुहेरी दंड' हा लांब पर्याय लिहा, मग नुसता दंड. रेगेक्स डावीकडचा पर्याय आधी बघतो. पायथनमध्ये बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकही धरतो, जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी. दोन्हीकडे चालावं म्हणून मी सरळ [०-९] लिहितो.

अंकांवरून आठवलं: मराठी कीबोर्ड चालू असताना महिरपी कंसात देवनागरी अंक लिहिले, तर पायथन त्याला 'इतक्या वेळा' असं वाचत नाही. एरर नाही, बदल नाही. तिथे इंग्रजी अंकच लागतात.

'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन-तीन प्रकारे टाइप होतो. कोणी नुक्त्याचा अखंड ऱ घेतो, कोणी र आणि खाली वेगळा नुक्ता देतो, कोणी साधा र आणि हलंत यांच्यानंतर शून्य-रुंदीचा जोडक घालतो. पहिले दोन प्रकार युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझने, एनएफसी देऊन, एक होतात. तिसरा होत नाही. तो हाताने बदलावा लागतो. 'तूर' कोणी 'तुर' लिहितो, त्यासाठी त[ुू]र लिहा. एडिटरमध्ये ते विचित्र दिसतं, पण चालतं.

ओळ पडते, पण नको तिथे

आता लातूर. सोयाबीनच्या मेसेजमध्ये लातूर असतंच. समजा मेसेज असा आहे (आकडे नमुन्याचे):

यवतमाळ कापूस किमान ६८०० कमाल ७३०० सोयाबीन किमान ३९०० कमाल ४४०० तूर किमान ६५०० कमाल ७२०० लातूर सोयाबीन किमान ४१०० कमाल ४६००

पिकाच्या नावाआधी ओळ पाडायची. पॅटर्नमध्ये कापूस, सोयाबीन, तूर हे तीन पर्याय लिहिले की शेवट असा येतो:

तूर किमान ६५०० कमाल ७२०० ला
तूर
सोयाबीन किमान ४१०० कमाल ४६००

भाव नसलेली एक भुताची तूर तयार झाली. ज्याने थोडंफार रेगेक्स वाचलं आहे तो म्हणतो, शब्दसीमा लावा, बॅकस्लॅश-बी. लावून बघा. पायथनमध्ये निकाल हाच राहतो! कारण पायथनचं अंगभूत आरई मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना शब्दातलं अक्षर मानतच नाही. त्याच्या लेखी 'ला'च्या कान्यापाशी शब्द संपला आणि 'त'पाशी नवा सुरू झाला. 'कापूस'मधून बॅकस्लॅश-डब्ल्यू-अधिकने शब्द काढायला सांगा, तो क, प, स असे तीन शब्द काढून देईल. जावास्क्रिप्टमध्ये वेगळीच तऱ्हा: तिथे देवनागरी अक्षर हे अक्षरच नाही, त्यामुळे शब्दसीमा लावली की रिकाम्या जागेनंतरची साधी 'तूर'सुद्धा सापडत नाही.

मराठीसाठी बॅकस्लॅश-बी विसरा. त्याऐवजी 'अगोदर रिकाम्या जागेखेरीज दुसरं काही नसावं' असं सांगा: कंस, प्रश्नचिन्ह, लहान-पेक्षा चिन्ह, उद्गारचिन्ह, बॅकस्लॅश, कॅपिटल एस, कंस बंद. मागे-बघ प्रकारातला नकार. हा तूरच्या आधी लावला की लातूर शाबूत राहतं, आणि मजकूर 'तूर'नेच सुरू होत असेल तरी चालतं. नाहीतर पिपने (पायथनची मॉड्यूलं बसवणारी आज्ञा) 'रेगेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल बसवा. त्याला मात्रा कळतात.

इतिवृत्तात दुखणं टिंबाचं. वाक्य संपलं की ओळ पाडायची म्हणून टिंब आणि रिकाम्या जागेवर ओळ पाडली, की 'मु.', 'पो.', 'ता.', 'जि.', 'श्री.', 'रु.' सगळे एकेका ओळीवर. मग कोणी नकार लावतो: टिंबाआधी 'ता' असेल तर ओळ पाडू नको. बरं दिसतं, पण त्या इतिवृत्तातली 'ठराव मांडला होता.', 'सदस्य हजर होता.' ही सगळी वाक्यं पुढच्या वाक्याला चिकटून बसतात, कारण 'होता'च्या शेवटीही 'ता' आहेच. मी उलट करतो. आधी सगळीकडे ओळ पाडू देतो. मग दुसऱ्या फेरीत वरचाच 'अगोदर रिकामी जागा' नकार, त्यापुढे कंसात संक्षेपांची यादी, त्यापुढे टिंब आणि ओळबदल, असं जिथे सापडेल तिथे ओळबदल काढून एक रिकामी जागा ठेवतो. 'होता' वाचतो, 'ता. दारव्हा' जुळतो. '२.५ क्विंटल'ला धक्का लागत नाही, कारण त्या टिंबानंतर रिकामी जागाच नाही. संक्षेपांची यादी एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. ती वाढतच जाते.

टिंब किंवा दंडच गायब होत असेल, तर पॅटर्नने तो गिळला आणि बदलीत तुम्ही परत दिला नाही. पॅटर्नमध्ये त्याला कंसात घ्या आणि बदलीत बॅकस्लॅश-एक लिहून मग ओळबदल द्या. किंवा (?<=[।.?!]) असं लिहून फक्त मागे डोकवा आणि पुढची रिकामी जागा तेवढी बदला. पायथनच्या मागे-बघमध्ये कमी-जास्त लांबी चालत नाही, तिथे तारांकन टाकलं की फिक्स्ड-विड्थची एरर येते. ती आली तर कंसाचाच मार्ग धरा.

आणि ठरावीक रुंदीला तोडणं. कृषी केंद्राची पावती छोट्या थर्मल प्रिंटरवर काढायची असते, म्हणून दर इतक्या चिन्हांनंतर ओळ पाडा असा पॅटर्न कोणी लिहितो. 'सोयाबीन' आपण चार अक्षरं मोजतो, मशीन सात मोजतं, कारण काना, मात्रा, वेलांटी वेगळी. 'शेतकऱ्यांना' आपल्याला पाच, त्याला अकरा. मग ओळ नेमकी 'स' आणि मात्रेच्या मधे पडते, आणि खालची ओळ अधांतरी मात्रेने सुरू होते. मोजून तोडू नका, रिकाम्या जागेवर तोडा: 'कमाल इतकी चिन्हं, आणि त्यानंतर रिकामी जागा किंवा मजकुराचा शेवट'. खरं तर यासाठी रेगेक्स हवंच कशाला? पायथनसोबत टेक्स्टरॅप मॉड्यूल येतं, त्याला लांब शब्द तोडू नको एवढं सांगायचं. अक्षरावर तोडायचंच असेल तर वर सांगितलेल्या 'रेगेक्स' मॉड्यूलमधला बॅकस्लॅश-कॅपिटल-एक्स अख्खं जोडाक्षर मात्रांसकट धरायला बघतो. तरी निकाल डोळ्याखालून घाला.

रिकाम्या ओळींचं उत्तर छोटं आहे. विंडोजवर पायथन फाईल लिहिताना १० चा आपोआप १३-१० करतो. तुम्ही स्वतः बॅकस्लॅश-आर-बॅकस्लॅश-एन लिहिलं तर १३-१३-१० होतं आणि दर ओळीला एक जादा. फक्त बॅकस्लॅश-एन लिहा. सीएसव्ही असेल तर 'ओपन'मध्ये न्यूलाइन रिकाम्या अवतरणाला द्या. एकाच फाईलवर स्क्रिप्ट दोनदा चालवली तरी ओळी दुप्पट होतात. आणि रिकाम्या जागा साफ करायला बॅकस्लॅश-लहान-एस वापरू नका, तो ओळबदलही खातो. तुम्ही पाडलेल्या ओळी तुम्हीच पुसता.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

स्क्रिप्ट काही हजार ओळींच्या फाईलवर मिनिटभरात संपली नाही तर कंट्रोल-सी दाबा. पॅटर्नमध्ये बहुधा कंसाच्या आत अधिक आणि कंसाबाहेर पुन्हा अधिक आहे. मजकूर जुळत नाही म्हटलं की मशीन तो तोडायच्या सगळ्या शक्यता तपासत बसतं, आणि मजकूर थोडा वाढला की शक्यता दुपटीने वाढतात. २ जुलै २०१९ ला इंटरनेटची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीचे जगभरचे सर्व्हर एका अशाच रेगेक्सने २७ मिनिटं झोपवले होते. अंदाजाने आणखी तारांकनं घालू नका. पॅटर्न नव्याने लिहिणाऱ्याकडे द्या.

मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात असेल तर आत देवनागरी नाहीच, इंग्रजी कळांची चिन्हं आहेत आणि फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो. फॉन्ट बदलून बघा: इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला की नक्की झालं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग माणसाकडून वाचून घेणं, मग रेगेक्स. रूपांतराचं काम मोठं असेल तर डीटीपीवाल्याला पैसे द्या, ते स्वस्त पडतं. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह मजकुरातच साठवलेलं असेल तर ते अक्षर गेलं. कोणतंही रेगेक्स ते परत आणत नाही, मूळ फाईल मागवा.

सातबारा, फेरफार, वारस नोंद यांच्या मजकुराला स्क्रिप्ट लावू नका, नुसत्या 'नीट दिसायला'सुद्धा नाही. बँकेत अपलोड होणारी खात्यांची यादी असेल तर ओळ पाडणं म्हणजे नवी नोंद तयार करणं. एका पत्त्याच्या मधे ओळ तुटली की पुढचे रकाने सरकतात आणि अनुदान भलत्याच्या नावावर दिसतं. हे काम ज्याच्या सहीने जातं त्यालाच करू द्या. चालू डेटाबेसवर थेट बदल करायचा असेल तर तेच.

जाणकाराकडे जाताना मूळ फाईलचा दहा-पंधरा ओळींचा तुकडा वेगळी फाईल म्हणून न्या. आधार आणि खाते क्रमांकाचे आकडे बदला, पण विरामचिन्हं आणि रिकाम्या जागा तशाच ठेवा. रेप्रने दाखवलेलं, सबएनचा आकडा आणि हवा तसा निकाल हाताने टाइप करून सोबत द्या. पायथनची आवृत्तीही लिहा. विंडोज ७ वर ३.८ च्या पुढचं बसत नाही, आणि कुठे ३.६ किंवा त्याआधीचं निघालं तर नुसत्या फटीवर स्प्लिट करणारे पॅटर्न तिथे चालत नाहीत. हे आधी कळलं तर समोरच्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसेही.